मन्यास, रविवारच्या वादावरून

प्रिय मन्या,

रविवारी फोनवर तू शेवटी म्हणालास, "कर नाही त्याला डर कशाला, माझा फोन सरकारने खुशाल ऐकावा", आणि मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, तिकडे वहिनी जेवायला हाका मारत होत्या म्हणून तू फोन ठेवलास. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय. व्हॉट्सॅपवर तुकड्या-तुकड्यांत बोलण्यापेक्षा हा लांबलचक मेल लिहितोय, निवांत असशील तेव्हा वाच.

आधी हे सांगतो की सरकारने कुणावर पाळत ठेवूच नये असं माझं म्हणणं नाहीये, आणि ते तुला तरी सांगायची गरज पडू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपण दोघं परळच्या खोलीवर होतो, तुझा भाऊ सीएसटीहून गाडी पकडणार होता आणि त्याचा फोन लागत नव्हता, पहाटे तो चालत चालत येऊन दारात उभा राहिला तेव्हा तू जो रडलास ते मी अजून विसरलो नाही. १६६ माणसं गेली. आणि त्याच वेळी पाकिस्तानात बसलेली माणसं ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या त्या पोरांना फोनवरून सूचना देत होती, टीव्हीवर जे दिसेल ते त्यांना कळवत होती, हे आपल्याला कळलं कशामुळे तर आपल्या यंत्रणांनी ते कॉल पकडले आणि टेप केले म्हणूनच. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कसाबचा निकाल दिला त्यात ती संभाषणं आहेत. ते ऐकायलाच हवं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही.

मला अडतं ते पुढे. कुणाचा फोन ऐकायचा हे ठरवतं कोण, माहितीये? गृहसचिव. केंद्रात केंद्राचे, राज्यात राज्याचे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा, इंग्रजांचा, त्यात लिहिलं होतं की सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा जनतेच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तरच संदेश अडवून ऐकता येतील, पण ते पाळलं जातंय का हे बघायचं कुणी याचे शंभर वर्षं नियमच नव्हते. राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याचं प्रकरण गाजलं, पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना कोर्टात गेली आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा चौकट घालून दिली, की ऑर्डर लेखी हवी, मुदत दोन महिने, वाढवून वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि वर एक आढावा समिती. ऐकायला छान वाटतं. पण त्या समितीत बसतात कोण, तर कॅबिनेट सचिव आणि त्यांच्यासारखेच सचिव, म्हणजे ऑर्डर देणारा सरकारी अधिकारी आणि तपासणारेही सरकारी अधिकारीच. न्यायाधीश कुठेच नाही. २०२३ मध्ये नवीन टेलिकॉम कायदा आला, २०२४ च्या डिसेंबरात त्याचे नियम आले, तरी ही रचना तशीच राहिली.

आणि आकडा ऐक. माहिती अधिकारात जे उत्तर मिळालं होतं त्यानुसार एकट्या केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार ऑर्डरी निघत होत्या. समिती बसते दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीत १५ ते १८ हजार ऑर्डरी तपासायच्या! हे मी माझ्या मनाने म्हणत नाहीये, न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीने २०१८ च्या अहवालात हेच लिहिलंय. तू बँकेत आहेस, मला सांग, एका दिवसात १५ हजार फायली तुझ्यासमोर ठेवल्या तर तू किती वाचशील आणि किती फक्त सही करून पुढे ढकलशील?

आपल्या मुंबईचंच उदाहरण घे. एका व्यावसायिकावर बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता, २००९-१० मध्ये त्याचा फोन टॅप केला होता, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टाने त्या ऑर्डरी रद्द केल्या आणि रेकॉर्डिंग नष्ट करा म्हणून सांगितलं, कारण लाचेच्या केसमध्ये ना आणीबाणी होती ना जनतेच्या सुरक्षेचा प्रश्न. त्याने लाच दिली की नाही ते सोड. त्याच्यावर केस झाली म्हणून टॅपिंगचे कागद त्याच्या हातात पडले आणि तो भांडू शकला. ज्याच्यावर केसच होत नाही, म्हणजे ज्याने खरंच काही 'कर' केलेलं नाही, त्याला आपला फोन ऐकला गेला हे कधीच कळवलं जात नाही, आणि नियमाप्रमाणे नोंदीही सहा महिन्यांनी नष्ट होतात. मन्या, तुझ्या म्हणीतला माणूस नेमका इथेच अडकतो रे, दाद मागायला त्याच्याकडे कागदच नसतो.

तू म्हणशील न्यायाधीशाची परवानगी घेत बसलं तर अतिरेकी हल्ला करून मोकळे होतील. नाही होत तसं. आजही तातडीच्या वेळी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीने लगेच ऐकायला सुरुवात करता येते आणि गृहसचिवांची मंजुरी कामकाजाच्या सात दिवसांत घ्यावी लागते. ती सात दिवसांची मंजुरी न्यायाधीशाकडून घ्या, एवढंच मागणं आहे. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताची सही लागते, अमेरिकेत परदेशी हेर-अतिरेक्यांवरच्या पाळतीसाठी १९७८ पासून वेगळं कोर्ट आहे (त्यांचेही घोळ आहेतच, पण निदान कुणीतरी बाहेरचं कागद बघतं). आणि आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, त्याला हात लावायचा तर कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि गरजेपुरतंच हवं. गरजेपुरतं आहे की नाही हे ज्याला गरज आहे त्यानेच ठरवायचं, हे मला पटत नाही.

आता घरचं सांगतो, हे फोनवर बोललो नव्हतो. बी विंगमध्ये चोरी झाली म्हणून आमच्या सोसायटीने प्रत्येक मजल्यावर कॅमेरे बसवले, मीही हात वर केला होता. आमच्या मजल्यावरचा कॅमेरा थेट आमच्या दारावर. ताई घटस्फोटाच्या केसपायी सहा महिने आमच्याकडे होती, एका रात्री साडेअकराला तिचा चुलत दीर तिची सर्टिफिकेटं द्यायला आला, बिचारा घरच्यांना न सांगता आला होता. दुसऱ्या दिवशी गेटवर कमिटीतले एकजण तिला विचारतात, "काल रात्री कोण आलं होतं?" ताईने काय केलं होतं रे? काहीच नाही. पण त्यानंतर ती कुणाला घरी येऊच देईना, मैत्रिणीलासुद्धा खाली दुकानाशी जाऊन भेटायची, केसबद्दल फोन आला तरी आवाज बारीक करून बोलायची. मला ते बघवत नव्हतं.

मग मी मीटिंगमध्ये भांडलो. कॅमेरा काढला नाही, चोराची भीती खरी आहेच. पण तो जिन्याकडे वळवला, सेक्रेटरीच्या मोबाईलवरचं लाइव्ह बंद केलं, आणि रेकॉर्डिंग बघायचं तर लेखी अर्ज, कमिटीबाहेरच्या दोन सभासदांच्या सह्या आणि रजिस्टरमध्ये नोंद, आणि ज्याच्या दाराचं बघितलं त्याला कळवायचं. रजिस्टर ठेवल्यापासून फक्त दोन नोंदी झाल्यात, एक सायकल चोरीची आणि एक पाण्याच्या टाकीची.

दिवाळीत येतोयस ना? ताईही इथेच असेल. ते 'कर नाही त्याला डर'वालं वाक्य तिच्यासमोर नको म्हणूस, तेवढं माझं ऐक, आणि बाकी जे पटलं नसेल त्यावर आपण गच्चीवर बसून भांडू.

तुझा,
दिप्या