चेंडू आणि शाई

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबत नातवाने वहीच्या समासात काढलेली क्रिकेटपटूंची चित्रे मिळाली. ती दोन दिवस माझ्या टेबलावर मांडून ठेवली आहेत. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, खेळाडूंची व्यंगचित्रे काढण्यात एखाद्याने आयुष्य घालवावे एवढे त्यात आहे तरी काय, आज छापून येते आणि उद्या त्याच कागदात भजी बांधली जातात. याचे उत्तर मी तुला ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिन गोलंदाज आणि व्यंगचित्रकार आर्थर मेली याच्या आयुष्यातून देणार आहे. तू शिवाजी पार्कवर लेगस्पिन टाकत होतास, आणि मी वर्तमानपत्राच्या ब्लॉक विभागात, म्हणजे चित्रांचे छपाईचे धातूचे ठसे करण्यात, सव्वीस वर्षे काढली, म्हणून हा माणूस आपल्या दोघांनाही जवळचा वाटावा.

मेलीचा जन्म 1886 साली सिडनीच्या झेटलंड भागात, गरिबीत झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो विजारींच्या कारखान्यात शिवणींवर इस्त्री फिरवण्याच्या कामाला लागला. पुढे त्याने काचेच्या कारखान्यात फुंकनळीने काच फुगवण्याचे काम केले आणि त्यानंतर पाणीपुरवठा मंडळात मजुरी केली. तापलेली काच नळीच्या टोकावर सतत फिरवत ठेवावी लागते, आणि त्या कामानेच त्याच्या बोटांत व मनगटात चेंडूला वळण देणारे बळ आले असे सांगतात. मला ते पटते. चित्रकला तो कामाच्या तासांनंतर शिकला. घरातून त्याला तिचा वारसा मिळालेला नव्हता.

त्या वयात व्हिक्टर ट्रंपर हा फलंदाज त्याचा देव होता, आणि क्लबच्या एका सामन्यात या देवालाच गोलंदाजी करण्याची वेळ त्याच्यावर आली. मेलीने गुगली, म्हणजे लेगस्पिनसारखा दिसून उलट वळणारा चेंडू टाकला, ट्रंपर पुढे आला, फसला आणि यष्टिचीत झाला. परत जाताना तो हसून म्हणाला की, हा चेंडू माझ्या आवाक्याबाहेरचा होता. मेलीने पुढे लिहून ठेवले आहे की, त्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना त्याला विजयाचा आनंद झालाच नाही. कबुतर मारून बसलेल्या पोरासारखे त्याला वाटले. नाना, हे वाक्य मी कितीदा वाचले असेल याची गणती नाही. ज्याचा बळी घ्यायचा त्याच्याविषयी एवढी माया मनात असलेला माणूसच पुढे खेळाडूंची व्यंगचित्रे काढू शकला, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. त्याच्या रेषेत खोडी होती, द्वेष नव्हता.

कसोटी संघात तो आला तेव्हा त्याचे वय 34 वर्षांचे होते. 1920-21 च्या त्या पहिल्याच मालिकेत त्याने इंग्लंडचे 36 बळी घेतले. मेलबर्नच्या एका डावात तर 121 धावांत 9. ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेतला ऑस्ट्रेलियाचा 36 बळींचा हा विक्रम 1978-79 मध्ये रॉडनी हॉगने मोडीपर्यंत टिकला. 1921 च्या इंग्लंड दौऱ्यात चेल्टनहॅम येथे ग्लॉस्टरशायरचे दहाच्या दहा बळी त्याने 66 धावांत टिपले. दौऱ्यावरही दिवसा गोलंदाजी आणि नंतर रेखाटन असा त्याचा क्रम असे. कर्णधार वॉरविक आर्मस्ट्राँग सव्वाशे किलोंच्याही पुढे गेलेला माणूस. असा नमुना ज्याच्या रोजच्या सहवासात आहे, त्या चित्रकाराचे भाग्य थोरच म्हणायचे.

इथे माझ्या धंद्याचे थोडे सांगतो, कारण त्याशिवाय या चित्रांची किंमत कळणार नाही. लाइन ब्लॉकला, म्हणजे रेषाचित्राच्या ठशाला, करडा रंग ठाऊकच नसतो. चित्राचे निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरवून पत्रा ॲसिडमध्ये सोडला की रेषा तेवढी उभी राहते आणि बाकीचे जस्त खाल्ले जाते. म्हणजे काळे किंवा पांढरे, मधले काही नाही. सावली हवी असेल तर बारीक रेघांचे जाळे विणायचे, आणि ते फार दाट झाले तर भरड कागदावर शाई पसरून सगळ्याचा डाग होतो. चित्र मोठे काढून छपाईसाठी लहान करत असल्यामुळे, लहान झाल्यावर कोणती रेघ तगेल आणि कोणती मरेल हेही हात चालवतानाच ओळखावे लागते. त्यात सामना संध्याकाळी संपतो आणि पान रात्री मशीनवर चढते. टप्पा चुकला तर फिरकी गोलंदाजाला चौकार बसतो, रेघ चुकली तर चित्रकाराला दुसरा चेंडू मिळत नाही. मेलीने ही दोन्ही कामे एकाच हाताने केली.

डिसेंबर 1926 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या संघाने मेलबर्नला 1107 धावा केल्या, तेव्हा न्यू साउथ वेल्सकडून मेलीने 64 षटके टाकून 362 धावांत 4 बळी घेतले आणि एकही षटक निर्धाव गेले नाही. शेवटचा फलंदाज धावचीत झाला तेव्हा तो म्हणाला की, फार वाईट झाले, मला नुकताच टप्पा सापडू लागला होता. दुसरा एखादा आपल्या गोलंदाजीचे ते आकडे लपवीत बसला असता. स्वतःकडे असे बाहेरून पाहता येणे, हीच व्यंगचित्रकाराची खरी नजर आहे असे मी मानतो.

खेळाडूने वर्तमानपत्रांत लिहिणे क्रिकेट मंडळाला मान्य नव्हते. मेलीने 21 कसोटींत 99 बळींवर खेळ सोडला आणि पत्रकाराचे काम धरले. शंभराचा आकडा एका बळीने हुकला याची हळहळ मला वाटते, पण त्याने निवड योग्य केली. सिडनीच्या वर्तमानपत्रांसाठी तो लिहीत आणि चित्रे काढीत राहिला. 1932 साली उत्तर अमेरिकेचा दौरा त्यानेच जुळवून आणला; त्यात ऑस्ट्रेलियाचा थोर फलंदाज ब्रॅडमन नवविवाहित पत्नीसह होता आणि न्यूयॉर्कला त्याची अमेरिकेचा बेसबॉलपटू बेब रूथशी भेट झाली. त्याच वर्षाअखेरीस सुरू झालेल्या, इंग्लंडने फलंदाजांच्या अंगावर मारा केलेल्या बॉडीलाइन मालिकेवर मेलीने सचित्र पुस्तक लिहिले.

मला सर्वांत भावते ते मात्र 1930 मधले. ऑस्ट्रेलियाच्या त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यावर पत्रकार म्हणून गेलेल्या मेलीने इयन पीबल्स या इंग्लंडच्या तरुण गोलंदाजाला गुगलीचे मर्म उलगडून दाखवले. ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थापकाने जाब विचारला तेव्हा त्याने उत्तर दिले की, फिरकी ही कला आहे आणि कला सर्व देशांची असते. लीड्सला 334 धावा काढून आलेला ब्रॅडमन मँचेस्टरच्या कसोटीत पीबल्सच्या गोलंदाजीवर 14 धावांत बाद झाला, आणि तो झेल घेतला इंग्लंडकडून खेळणाऱ्या आपल्या दुलीपसिंहजींनी. या बळीचे श्रेय मेलीच्या शिकवणीला द्यावे असे मी म्हणत नाही. ज्याने दिले त्याने हिशेब ठेवला नव्हता, तो आपणही मांडू नये.

उत्तरायुष्यात तो तैलरंगात निसर्गचित्रे काढी, आणि सिडनीच्या दक्षिणेला त्याने दुकानही चालवले. 31 डिसेंबर 1967 रोजी, 82 वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना तो गेला.

आता तुझ्या नातवाविषयी. त्याच्या चित्रांतला यष्टिरक्षक फार चांगला आहे. वाकलेल्या गुडघ्यांतला थकवा त्याने अचूक पकडला आहे, तो मैदानात बसून पाहिल्याखेरीज येत नाही. फलंदाज मात्र त्याने दूरदर्शनवरून उतरवले आहेत, हे लगेच कळते. त्याला मोबाइल घरी ठेवून, बोरू, दौत आणि जाड कागद घेऊन रविवारी मैदानावर पाठव, आणि निदान महिनाभर खोडरबर देऊ नकोस. माझ्याकडे जुन्या लाइन ब्लॉकचे दोन नमुने आहेत, ते दिवाळीत येताना त्याच्यासाठी आणीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा