आरोपपत्राखालची सही

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बेंगळुरूच्या वकिली ऑफिसात मालकांच्याच बाजूची कामं मिळणार, आणि आजोबा तर जन्मभर फाउंड्रीत राबले, मग मी कामगारासमोर कशी उभी राहू, असं तू विचारलंस. फोनवर मला नीट बोलता आलं नाही. एक हरलेली केस तुला कधी सांगितली नव्हती, ती सांगतो.

उद्यमबागेतली एक फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. खानापूर तालुक्यातला मोल्डर, साचे करणारा कामगार, १४ वर्षांची नोकरी. भातलावणीला गावी गेला तो तीन आठवडे आलाच नाही. आरोपपत्र दिलं, चौकशी झाली, त्याला काढून टाकलं. मालकाचा वकील म्हणून फाइल माझ्याकडे आली तेव्हा सगळे कागद जागेवर होते. पण आरोपपत्र इंग्रजीत, चौकशी कानडीत, आणि त्याला मराठीशिवाय काही वाचता येत नव्हतं. प्रत्येक पानाखाली त्याची मराठीत सही होती. ती मी दहादा पाहिली असेल, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. लेबर कोर्टाच्या पडला. चौकशी रद्द झाली.

चौकशी फसली तरी गैरवर्तन कोर्टात नव्यानं पुरावा देऊन सिद्ध करता येतं, पण ती मुभा कैफियतीतच, म्हणजे मालकाच्या लेखी उत्तरातच, मागून ठेवावी लागते. माझ्या कैफियतीत ते वाक्य नव्हतं, म्हणून त्याला परत कामावर घ्या असा निकाल झाला. पुढं आम्ही हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात गेलो. तो दुसरीकडे कुठं कामाला नव्हता, तसं प्रतिज्ञापत्र त्यानं दिलं, आणि तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-बी प्रमाणे निकाल लागेपर्यंत शेवटचा पगार दरमहा देणं मालकाला भाग पडलं. त्या मालकाचं नुकसान मी केलं. पण मला अजून सलतं ते दुसरंच. आपल्यावर आरोप काय, हेच त्या माणसाला कळलं नव्हतं. कळलं असतं तर लावणीचं त्यानं सांगितलं असतं, आणि ताकीद देऊन, बिनपगारी धरून प्रकरण तिथंच मिटलं असतं.

तेव्हापासून "वकीलसाहेब, याला उद्याच काढायचाय" म्हणत कुणी आलं की मी आधी मस्टर, म्हणजे हजेरीपट, मागवतो. वर्षात २४० दिवस भरलेत का? भरले असतील आणि कामगारकपात असेल तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार. निलंबित केलंय, तर पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता, पुढं पाऊण. ग्रॅच्युइटी वेगळी. आकडा ऐकून मालक चिडतो, एक-दोघांनी फाइलही परत नेली. नेऊ देत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, हे तुला ठाऊक आहेच. स्थायी आदेशांची, म्हणजे नोकरीच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांची, सक्ती आता ३०० कामगारांपासून पुढं. मच्छे, होनगा, उद्यमबागेतल्या किती फाउंड्र्या तिथवर पोचतात? उरलेल्या ठिकाणी मालकाला थांबवणारं त्याच्या वकिलाशिवाय फारसं कुणी नसणार. म्हणून म्हणतो, तू उभी राहा. कोर्टात राहशीलच, पण काढून टाकल्याचं पत्र टाइप होण्याआधी मालकाच्या केबिनमध्येही उभी राहा.

आजोबांना तुझ्या नोकरीचं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, "तिला कानडी वाचता येतंय न्हवं? तिकडली पोरं कानडीतच सही करणार." शिकतेय म्हणून सांगितलंय.

तुझे,
बाबा