नोटरीवर प्लॉट घेतलेल्यांचेही छापा

मा. संपादक, स. न. वि. वि.

कालच्या अंकात सोलापुरातल्या प्लॉटच्या भाववाढीवर अर्धे पान वाचले. विमानसेवा सुरू झाली, आयटी पार्क येणार, म्हणून होटगी रोडपासून विजापूर रोडपर्यंत आता सोन्याचे दिवस, असा एकंदर सूर. वार्ताहराने एजंटांना विचारले, बिल्डरांना विचारले. गुंठा घेऊन अडकलेल्यांना का नाही विचारले?

माझा धाकटा भाऊ यंत्रमाग कामगार. आयुष्यभराच्या बचतीतून त्याने हद्दवाढ भागाच्या पलीकडे एक गुंठा घेतला. जिरायत जमीन विकायला तेव्हा किमान 20 गुंठ्यांची अट होती, त्यामुळे खरेदीखत होईना. एजंटने नोटरी, म्हणजे नोंदणी न झालेला करार, करून दिली. म्हणाला, एनएची (बिगरशेतीची) ऑर्डर आली की खरेदी. ऑर्डर आलीच नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवाना मिळत नाही. आणि आता भाव चढल्यावर मूळ मालकाची मुले म्हणतात, वडिलांनी फार स्वस्तात दिला, फरक भरा नाहीतर पैसे परत घ्या. परत घ्यायचे तेही जुन्याच भावाने! तेवढ्यात आज तिथे अर्धा गुंठा येत नाही. तुमची बातमी वाचून भावाच्या घरी रात्री कोणी धड जेवले नाही.

तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरची बंदी, शिथिल करण्याची घोषणा 2025 च्या पावसाळी अधिवेशनात झाली. चांगलेच झाले. पण दस्त नोंदवायला मालकाची सही लागते. मालक सहीला येत नसेल तर नोटरीवाल्याने कोणाचे दार ठोठावायचे? यावर अर्धे पान द्या, शेकडो घरांत कात्रण जपून ठेवतील.

आणखी एक. एप्रिल 2025 मध्ये रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला जमीन-घरांचा दर) मुंबई वगळता राज्यात सरासरी 4.39 टक्के वाढला, सोलापूर महापालिका हद्दीत 10.17 टक्के. मुद्रांक शुल्क त्या दराने भरायचे आणि पाणी काही दिवसांआड घ्यायचे! 1992 ला हद्दीत आलेल्या भागांत आजही ड्रेनेजसाठी अर्ज करावे लागतात.

त्याच अंकाच्या पहिल्या पानावर एका प्लॉटिंगची जाहिरात होती. तिच्यात महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मला कुठेही सापडला नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगला नोंदणी बंधनकारक आहे. क्रमांक नसलेली जाहिरात कृपया स्वीकारू नका. माझ्या भावाने अशीच एक जाहिरात वाचून एजंटला फोन केला होता.

आपला,
एक जुना वाचक, शेळगी, सोलापूर