स्पर्धेतल्या फोटोंचे हक्क फोटोग्राफरकडेच राहू द्या: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: छायाचित्र स्पर्धांमधील हक्कांची अट बदलून खुला परवाना आणण्याबाबत

महोदय,

११ जुलै २०२५ रोजी शिवरायांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा आपल्या राज्यात आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार तर आपल्याच खात्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. या गडांचे उत्तमोत्तम फोटो लोकांच्या हार्ड डिस्कवर आणि इन्स्टाग्रामवर पडून आहेत. शाळेच्या पुस्तकाला, मराठी विकिपीडियाला किंवा गडाखालच्या होमस्टेच्या पत्रकाला ते बिनधास्त घेता येत नाहीत, कारण फोटोसोबत परवाना लिहिलेला नसला की कायद्याने सर्व हक्क राखीव धरले जातात.

फोटो गोळा करण्याचा सरकारी मार्ग म्हणजे स्पर्धा. त्यांच्या नियमांत बहुधा शेवटी एक ओळ असते: आलेल्या सर्व छायाचित्रांचे हक्क आयोजकांकडे राहतील. ही ओळ एका जाहिरातीतून दुसरीत उतरवली जाते. बक्षीस तिघांना मिळतं आणि हक्क मात्र आलेल्या प्रत्येक फोटोवरचे जातात. साहजिकच, ज्याच्याकडे खरोखर चांगलं काम आहे तो ते स्वतःजवळच ठेवतो.

या ओळीने खात्याच्याही हाती फारसं लागत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. ऑनलाइन अर्जातल्या बरोबरच्या खुणेला सही म्हणायचं का, हा वादाचा मुद्दा. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे आज घेतलेला फोटो सहाव्या वर्षी पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत किंवा परदेशातल्या प्रदर्शनात लावताना खात्याकडे हक्क उरलेलाच नसतो. शिवाय कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही फोटो आपला म्हणण्याचा अधिकार फोटोग्राफरकडेच राहतो.

खुल्या परवान्यात ही कटकट नाही. कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहतो आणि वापराची परवानगी सगळ्यांना मिळते, खात्यालासुद्धा, जगभर आणि कॉपीराइट असेपर्यंत. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेने तयार केलेले परवाने यासाठीच आहेत. सध्याची आवृत्ती ४.०. जुनी २.० घेऊ नये. तिच्यात श्रेय द्यायला चुकलं की परवाना जागीच संपतो, आणि त्याचा फायदा घेऊन पैसे उकळणारेही आहेत. ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली की परवाना आपोआप परत लागू होतो.

नेमका कोणता परवाना निवडायचा, इथे बहुतेकांचं चुकतं. आपल्या फोटोवर दुसऱ्याने पैसे कमावू नयेत असं वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून फोटोग्राफर ‘एनसी’ म्हणजे अव्यावसायिक हा पर्याय निवडतात. मग किंमत छापलेला दिवाळी अंक अडतो, होमस्टेवाली ताई अडते आणि विकिपीडियाचा फोटोसाठा असलेलं विकिमीडिया कॉमन्स तर असा फोटो घेतच नाही. ‘एनडी’ म्हणजे ‘बदल करू नका’ हा पर्याय घेतला तर फोटो कापून, त्यावर बुरुजांची नावं टाकून वर्गासाठी तक्ता छापता येत नाही. आमच्या मते किल्ल्यांच्या फोटोंना ‘सीसी बाय-एसए ४.०’ सगळ्यात योग्य: नाव द्या, आणि फोटोत बदल केलात तर तो बदललेला फोटो त्याच परवान्याखाली द्या. फोटो आहे तसा छापला म्हणून अख्खा अंक खुला होत नाही. ही भीती संपादकांना उगाच असते. ज्या कंपनीला बदललेली जाहिरात खुली करायची नसेल ती फोटोग्राफरकडे येऊन वेगळे पैसे मोजेल. तो मार्ग बंद होत नाही.

मात्र अर्जावर ठळक लिहावं की दिलेला परवाना मागे घेता येत नाही. छोटी प्रत खुली आणि मोठी विकायची, या हिशेबातही जोखीम आहे. मोठी फाइल द्यायची सक्ती नाही, पण दोन्ही प्रती कायद्याने एकच कृती ठरल्या तर परवाना मोठीलाही लागू होऊ शकतो.

आता फाइलबद्दल. ए४ आकारात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलांवर येतो आणि आतली माहितीही पुसली जाते. म्हणून मूळ जेपेग थेट स्पर्धेच्या पोर्टलवर घ्यावी. फोटोग्राफरने फाइलच्या आयपीटीसी रकान्यांत (फोटोची माहिती फाइलच्या आतच लिहायच्या जागा) नाव, कॉपीराइटची ओळ, वापराच्या अटी आणि परवान्याचा दुवा भरलेला असतो. पोर्टल फोटो लहान करतं तेव्हा हे सगळं उडतं, कारण फाइल हलकी व्हावी म्हणून इमेजमॅजिकसारख्या साधनात ‘स्ट्रिप’ हा पर्याय लावलेला असतो. तो एक शब्द काढला की माहिती टिकते. ही फुटकळ तांत्रिक बाब नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ब प्रमाणे अशी माहिती जाणूनबुजून काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

श्रेयाची ओळही ठरवून द्यावी: ‘सुवेळा माचीवरचं नेढं, राजगड. छायाचित्र: अमुक. सीसी बाय-एसए ४.०’, आणि वेबवर मूळ फोटोचा व परवान्याचा दुवा. ‘साभार: इंटरनेट’ म्हणजे श्रेय नव्हे.

फोटोत ओळखू येणारी माणसं असतील तर परवाना पुरत नाही. २००७ मध्ये व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियातल्या जाहिरातीत अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीचा फोटो झळकला. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर तो सीसी बाय (फक्त नाव द्या) परवान्याखाली होता, त्यामुळे फोटोग्राफरची परवानगी त्यातच आली. मुलीची कुणी घेतलीच नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं. अर्जात संमतीपत्राची जागा हवी, आणि लहान मुलांसाठी पालकांच्या सहीची.

खात्याने स्वतः काढून घेतलेल्या फोटोंसाठी तर कुणाला विचारायची गरज नाही. वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे ते शासनाचेच आहेत. एक शासन निर्णय पुरे. केंद्राने २०१७ मध्ये शासकीय माहितीसाठी खुला परवाना आणला. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश सीसी बाय-एसएखाली दिला. सरकारी फोटोचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे महाराष्ट्र स्थापनेचे जे फोटो शासनाने १९६० सालीच प्रकाशित केले ते १ जानेवारी २०२१ पासून सर्वांचे झाले. त्यांवर आज वॉटरमार्क नको. ते मोठ्या आकारात स्कॅन करून तारीख, ठिकाण आणि माणसांच्या नावांसह चढवावेत.

पुढच्या स्पर्धेच्या जाहिरातीत जुन्या ओळीऐवजी हे लिहावं, ही विनंती: ‘छायाचित्राचा प्रताधिकार (कॉपीराइट) छायाचित्रकाराकडेच राहील. निवड झालेली छायाचित्रे तो सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली प्रसिद्ध करण्यास संमती देत आहे. निवड न झालेल्या छायाचित्रांवर आयोजकांचा कोणताही हक्क राहणार नाही.’

आपले,
महाराष्ट्रातील काही छायाचित्रकार आणि मुक्त परवान्यांचे कार्यकर्ते