तेवढा संक्षिप्त धावफलक छापा

महोदय,

आपल्या क्रीडापानावर हल्ली छायाचित्रं ऐसपैस झाली आणि धावफलक गायब झाले. भारताचा सामना असला तर चार आकडे मिळतात. बाकीच्या देशांत तिरंगी मालिका चालू आहे, कोण जिंकलं, कोण हरलं, याचा पत्ता नाही. मी मुंबईत क्लब क्रिकेटमध्ये बरीच वर्षं स्कोअरिंग केलं. कांगा लीगच्या पावसात स्कोअरबुकावर प्लास्टिक धरून बसलेला माणूस आहे मी. तेव्हा धावफलकाची आस जरा जास्त, हे मान्य. पण तक्रार खोटी नाही.

उदाहरणच देतो. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ओमानमध्ये, मस्कतजवळ अल अमेरातच्या मैदानावर अमेरिका विरुद्ध ओमान असा एकदिवसीय सामना झाला. मी तो फोनवर पाहिला आणि सवयीने वहीत उतरवून घेतला. प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाचं पेन, ही माझी जुनी पद्धत. लाल आणि हिरवं नव्या चेंडूच्या वेगवान जोडीसाठी. त्या दिवशी त्या दोन पेनांची टोपणंसुद्धा निघाली नाहीत. अमेरिका ३५.३ षटकांत सर्वबाद १२२, ओमान २५.३ षटकांत सर्वबाद ६५. एकूण ६१ षटकं आणि सगळीच्या सगळी फिरकी! पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये असं आधी कधीच झालं नव्हतं. अमेरिकेचा डावखुरा फिरकीपटू नोस्तुश केंजिगेने ११ धावांत ५ बळी घेतले.

आणखी गंमत पुढे आहे. षटकं न घटवता खेळलेल्या सामन्यात सर्वांत कमी धावसंख्येचा बचाव करून जिंकण्याचा विक्रम तोवर भारताच्या नावावर होता. मार्च १९८५, शारजा. पाकिस्तानच्या इम्रान खानने १४ धावांत ६ बळी घेऊन आपल्याला १२५ मध्ये गुंडाळलं आणि आपण पाकिस्तानला ८७ मध्ये. गावसकरने चार झेल घेतले. माझ्या वयाची माणसं तो सामना अजून तोंडपाठ सांगतात. त्या सामन्याचा चाळीस वर्षांचा विक्रम अमेरिकेच्या संघाने मोडला आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्यावर एक ओळ नाही. मी राशिभविष्यापर्यंत शोधली.

हा काही हौशी चषकाचा सामना नव्हता. २०२७च्या विश्वचषकाच्या वाटेवरच्या ‘लीग २’ मधला होता. कॅनडा, नामिबिया, नेपाळ, नेदरलँड्स, ओमान, स्कॉटलंड, अमिराती आणि अमेरिका असे आठ संघ, तीन-तीन संघांच्या मालिका, प्रत्येकाला ३६ सामने. विश्वचषकात १४ संघ असणार आणि त्यातले चार पात्रता स्पर्धेतून येणार. स्पर्धा दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. त्यातल्या नामिबियाला मात्र यजमान असूनही थेट प्रवेश नाही. घरी मांडव घालायचा आणि पंगतीला बसायचं की नाही ते दुसऱ्याने ठरवायचं! या अन्यायावर एखादं स्फुट यायला हरकत नव्हती.

नेपाळमधल्या कीर्तिपूरचं सांगतो. १६ मार्च २०२३. नेपाळ विरुद्ध अमिराती, आधीच्या लीगमधला नेपाळचा शेवटचा सामना, जिंकला तरच पात्रता स्पर्धेत थेट प्रवेश. अमिरातीच्या असिफ खानने ४१ चेंडूंत शतक ठोकलं, संघाच्या ३१० धावा. मैदान भरून माणसं बाहेरच्या झाडांवर चढलेली. नेपाळ ४४ षटकांत ६ बाद २६९ वर असताना उजेड गेला. मैदानावर प्रकाशझोत नव्हते, खेळ तिथेच थांबला. अर्धवट राहिलेल्या सामन्याचा निकाल ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईसच्या कोष्टकात नेपाळ ९ धावांनी पुढे होता, म्हणजे सामना नेपाळचा. शेवटच्या बारा सामन्यांतला अकरावा विजय. अशा वेळी स्कोअररची काय अवस्था होते ते आम्हालाच ठाऊक. उजेड उतरत असतो, दर चेंडूला कोष्टकातला आकडा बदलत असतो आणि दोन्ही संघांचे व्यवस्थापक तुमच्या खांद्यावरून वहीत डोकावत असतात.

आता आपल्या माणसाकडे येतो. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला टी-२० विश्वचषकात अमेरिकेकडून भारताविरुद्ध खेळताना सौरभ नेत्रावळकरने कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि पाठोपाठ रोहितला बाद केलं, तेव्हा सगळ्या मराठी वृत्तपत्रांना तो मुंबईकर असल्याची आठवण झाली. त्याचं शिक्षण आलं, नोकरी आली, सगळं आलं. (सूर्यकुमारचा झेल त्याच्याच हातून सुटला, हे मात्र बऱ्याच जणांनी सोयीने गाळलं.) पण हाच सौरभ १२ फेब्रुवारी २०२० रोजी कीर्तिपूरला अमेरिकेचा कर्णधार होता आणि त्याचा संघ नेपाळच्या फिरकीपुढे १२ षटकांत ३५ धावांत आटोपला होता. एकदिवसीय सामन्यातल्या नीचांकाशी बरोबरी. नेपाळने ५.२ षटकांत सामना संपवला. दोन्ही डाव मिळून अवघे १०४ चेंडू. ते ३५ वाचलेल्याला पुढे न्यूयॉर्कचं मोल दुप्पट कळलं असतं. आमच्यापुढे तो एकदम आकाशातून पडल्यासारखा आला.

‘वाचकांना यात रस नाही’ हे उत्तर मला माहीत आहे. मुंबईत शालेय सामन्यांचे आकडे बारीक टायपात येत होते, तेव्हा तरी कोणत्या मोठ्या जनतेला रस होता? पण मुलं ती कात्रणं जपून ठेवत. तीस धावा केल्या तरच नाव छापून येई. सचिननेच सांगितलेली गोष्ट आहे. शाळेच्या सामन्यात त्याच्या २४ धावा झाल्या आणि स्कोअररने अवांतर धावांतल्या सहा त्याच्या खात्यात टाकून तीस केल्या. दुसऱ्या दिवशी नाव छापून आलं आणि आचरेकर सरांनी त्याला चांगलंच झापलं. स्कोअरर म्हणून मी त्या गृहस्थांचं समर्थन करणार नाही. पण वर्तमानपत्रातल्या एका ओळीपायी माणूस वही बिघडवायला तयार झाला, एवढं तिचं वजन होतं. नामिबियातल्या किंवा ओमानमधल्या पोराला आपला अंक दिसणार नाही, कबूल. पण मस्कतमध्ये मराठी माणसं राहतात, आपला अंक ती इंटरनेटवर वाचतात आणि तिथल्या मैदानावर सामना पाहायलाही जातात.

मागणी मोठी नाही. लीग २ चा सामना असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन ओळी द्या. दोन्ही डावांच्या धावा आणि षटकं, दोन फलंदाज, दोन गोलंदाज. महिन्यातून एकदा गुणतक्ता. जागा अडत असेल तर आयपीएलच्या लिलावाच्या बातमीतला फोटो दोन बोटं कमी करा, कुणाचं काही बिघडणार नाही. माणूस नसेल तर धावफलक मी रात्री करून पाठवीन. मानधन नको, नावही नको. अट एकच: जागेसाठी कापाकापी करताना गोलंदाज उडवायचे नाहीत.

– क्लब क्रिकेटचा एक जुना स्कोअरर, डोंबिवली (पूर्व)