कुपी मग्दालियेच्या हाती नव्हती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेच्या पुरवणीतील लेखात येशूच्या पायांना सुगंधी तेल लावणारी ‘पतिता’ म्हणजे मग्दालिया मरीया, असे ठोकून दिले आहे. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देताना हा समज खोडून खोडून मी थकले, म्हणून हे पत्र.

लूकच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या) सातव्या अध्यायातल्या त्या बाईला नावच नाही. मग्दालिया येते आठव्यात, येशू आणि शिष्यांचा खर्च पदरच्या पैशांतून चालवणाऱ्या स्त्रियांपैकी एक म्हणून. बेथानी गावात येशूला तेल लावल्याची गोष्ट वेगळी; ते लावणारी, योहानाच्या शुभवर्तमानानुसार, लाजराची बहीण मरीया. या तिघींची एकच बाई करून टाकली ती पोप ग्रेगरी यांनी, ५९१ सालच्या प्रवचनात. पूर्वेकडच्या चर्चने ते मानले नाही; रोमन कॅथॉलिक चर्चनेही १९६९ मध्ये आपले सणांचे पंचांग सुधारताना ही सरमिसळ सोडली.

त्याहून खटकले ते लूकच्या गोष्टीतल्या यजमान शिमोनाला लेखात दिलेले ‘सज्जन’ हे विशेषण. या परुश्याने, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाने, येशूला जेवायला बोलावले खरे. पण धुळीच्या पायांना पाणी नाही, भेटीचे चुंबन नाही, डोक्याला तेल नाही. तेल काही महागडे नव्हे, घरोघरी असायचे ते ऑलिव्हचे. दिवाळसणाला आलेल्या जावयाला तेल-उटणे राहिले, पाण्याचा तांब्याही कुणी पुढे केला नाही, तर घरी जाऊन तो काय सांगेल? येशू घरी जायची वाट बघत नाही. भर पंगतीत एकेक उणीव मोजतो आणि प्रत्येकीसमोर त्या न बोलावलेल्या बाईचे आसू, केस, चुंबने, तेल मांडतो. मला हा येशू फार आवडतो.

बेथानीतले तेल मात्र जटामांसीचे. ही वनस्पती हिमालयातली. त्या काळी भडोच बंदरातून ती पश्चिमेला जाई. काष्ठौषधीच्या दुकानात मागून बघा, तपकिरी, केसाळ मुळ्या मिळतील. आई त्या माक्याबरोबर खोबरेलात उकळायची. वास मातकट आणि उग्र. अभ्रा धुतला तरी जायचा नाही. योहानाने सांगितलेले माप आजच्या सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, तेव्हा ‘घर वासाने भरून गेले’ यात मला काडीचीही अतिशयोक्ती वाटत नाही. येशूचा शिष्य यहूदा याने किंमत काढली ३०० दिनार. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आठवड्याची सुटी धरली तर जवळजवळ वर्षाची कमाई.

मग्दालियाही सुगंधी द्रव्ये घेऊन निघाली होती, पण ती येशूच्या कबरीकडे, आणि तिथे ती लावायला देह नव्हता. तिचा सण २२ जुलैला असतो. त्याआधी दोन ओळींचे शुद्धिपत्र छापलेत तर बरे होईल. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो लेख कापून वहीत चिकटवला आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, वसई