पाळीआधीच्या आठवड्याबद्दलही मुलींशी बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्नाटक सरकारने 'शुचि' योजनेतून शाळकरी मुलींना सॅनिटरी पॅड देणं पुन्हा सुरू केलं, याचं खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवणारी बाई म्हणून मला मनापासून समाधान आहे. मात्र पाळी यायच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत कित्येक मुलींचं काय होतं, याबद्दल आमच्याकडे ना शाळेत कुणी बोलतं, ना घरात.

एरवी भराभर उत्तरं देणारी नववीतली मुलगी चार दिवस एकदम गप्प होते. मैत्रिणीने न विचारता पट्टी घेतली एवढ्यावरून तिच्या डोळ्यांत पाणी येतं. छाती ठणकते म्हणून दप्तर छातीशी धरवत नाही, पोट फुगतं, डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही. घरी आई म्हणते, 'काय संचारलंय हिच्या अंगात?' वर्गात शिक्षक लक्ष नाही म्हणून उभं करतात. आपला स्वभावच वाईट, असं ती पोर मनाशी धरून बसते, आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

हा स्वभाव नव्हे. बीजकोशातून बीज बाहेर पडल्यानंतर शरीरातल्या संप्रेरकांचं प्रमाण वर-खाली होतं. काहींच्या मेंदूला हा बदल जास्त जाणवतो आणि मूड बिघडतो. पाळी सुरू झाली की थोड्या दिवसांत सगळं ओसरतं. डॉक्टर याला पीएमएस (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, म्हणजे पाळीपूर्वीचा त्रास) म्हणतात. पाळीत ओटीपोटात येणाऱ्या कळा निराळ्या, त्यांची कारणंही निराळी.

ओळखायचं कसं, हे मुलींना सहज शिकवता येतं. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका असते. सिलिंडर कधी लावला, दूध किती घेतलं, हे आपण तिच्या चौकटीत लिहितो. तशीच मुलीने पाळीच्या तारखेला एक खूण करावी, आणि चिडचिड, रडू, डोकेदुखी ज्या दिवशी होईल तिथं एखादं अक्षर लिहावं. भिंतीवर नको वाटलं तर वहीच्या मागच्या पानावर. असं दोन महिने केलं की चित्र स्पष्ट होतं. त्रास पाळीच्या आधीच येत असेल तर पीएमएसची शक्यता. महिनाभर तसाच राहत असेल तर कारण दुसरं काही असू शकतं, डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि डॉक्टरांकडे जाताना ती नोंद सोबत न्यावी, त्यांना तिचा फार उपयोग होतो.

सौम्य त्रासाला रोजचं चालणं-खेळणं, वेळेवर झोप, लोणचं-पापड आणि चहा जरा कमी, थोडं थोडं पण वेळेवर खाणं याने बऱ्याच जणींना आराम पडतो. कॅल्शियमचाही उपयोग होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. आपली नाचणी, दूध, तीळ त्यासाठीच ताटात हवेत. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी मळमळतं म्हणून खिडकीबाहेर टाकली जाते. ही गोळी पीएमएसची नाही, पण ती टाकून दिली आणि अंगात रक्त कमी असेल तर थकव्यात भरच पडते. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, एवढं तरी कुणी सांगावं. आणि सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून कोवळ्या मुलींना देणं आयांनी कृपा करून थांबवावं.

मोजक्या मुलींना हा त्रास फार तीव्र होतो. शाळा बुडते, जगणं नको वाटतं. तिथं घरगुती उपायांवर वेळ घालवू नये, लगेच डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिलेला असावा.

२०१४ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींचं समुपदेशन येतं. आपल्याकडे त्यासाठी 'स्नेहा क्लिनिक' आहेत. पण ती आमच्या मुलींपर्यंत पोचायची कशी? आमच्या मुली कन्नड वाचतात, बाजारात बोलतातही; पण छाती दुखते, उगीच रडू येतं, हे सांगायला आईचीच भाषा जवळची वाटते. पलीकडे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला हाच कार्यक्रम मराठीतून चालतो. तिथली पत्रकं बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांना मिळवून देणं जिल्हा आरोग्य खात्याला अवघड नाही. गावातल्या मराठी बोलणाऱ्या आशाताईंना वर्गात बोलवावं. त्या तासाला मुलांनाही बसवावं, कारण उद्या 'चिडकी' म्हणून हसणारे तेच असतात.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना पालकांची सभा होतेच. त्यात वीस मिनिटं यासाठी ठेवावीत आणि आयांना आवर्जून बोलवावं, अशी सर्व मुख्याध्यापकांना आपल्या पत्राद्वारे माझी विनंती आहे. दहावीची परीक्षा तोंडावर आल्यावर हे सांगून उपयोग नाही.

आपली,
एक शिक्षिका, ता. खानापूर, जि. बेळगाव